धाव कोणासाठी? अन्न, आनंद आणि सेवा



थंडीचे दिवस आले की शहराशहरांत धावण्याच्या कार्यक्रमांचे फलक लागतात. कुठे रुग्णांसाठी निधी, कुठे मुलींच्या शिक्षणासाठी, कुठे शाळेतल्या मुलांच्या जेवणासाठी. मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. तिच्यातल्या सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये हजारो लोक पहिला क्रमांक मिळवायला येत नाहीत, कुठल्या तरी संस्थेचे नाव छातीवर लावून, हसत-खेळत अंतर पार करायला येतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या साधकांना याहून निराळे प्रकार पाहायला मिळतात. हातात तवा धरून, त्यावरचे धिरडे उडवत धावायचे. किंवा वाटेत थांबून डझनभर डोनट खायचे आणि पुन्हा धावायचे. जमलेले पैसे सत्कार्याला द्यायचे.

अशा कार्यक्रमाचे बोलावणे ऑफिसमधून किंवा मुलांच्या शाळेतून आले की साधकाच्या मनात प्रश्न उभे राहतात. ज्या अन्नाला आपण ब्रह्म मानतो, ते उडवायचे आणि त्याची शर्यत लावायची? मौजमजा करत दिलेले दान हे खरे दान ठरते का? आपण यात भाग घ्यावा की नम्रपणे नकार द्यावा?

या प्रश्नांचे उत्तर ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढ्या एका शब्दात देता येईल. पण मग पुढच्या वेळी वेगळे बोलावणे आले की पुन्हा कुणाला तरी विचारावे लागेल. म्हणून आधी ही धाव आली कुठून ते पाहू, आणि मग आपली कसोटी आपणच तयार करू.

घंटा वाजली आणि ती धावली

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायर परगण्यात ओल्नी नावाचे छोटे गाव आहे. तव्याच्या शर्यतीसाठी हे गाव जगभर ओळखले जाते. तिथली परंपरा सांगते की 1445 साली एक गृहिणी घरात पॅनकेक करत होती. पॅनकेक म्हणजे मैदा, दूध आणि अंडी यांचे पातळ धिरडे. ती कामात गढून गेली आणि तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. प्रार्थनेला उशीर होणार हे लक्षात येताच ती होती तशीच निघाली: अंगावर एप्रन, डोक्याला रुमाल, हातात तवा आणि तव्यावर अर्धे भाजलेले धिरडे. तिच्या त्या धावण्याची आठवण म्हणून आजही तिथल्या स्त्रिया बाजारचौकापासून चर्चपर्यंत 415 यार्ड, म्हणजे सुमारे 380 मीटर, तवा घेऊन धावतात. शर्यत संपली की चर्चमध्ये प्रार्थना होते. 1950 पासून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील लिबरल या गावातल्या स्त्रियाही त्याच दिवशी तेवढेच अंतर धावतात आणि दोन्ही गावांच्या वेळा ताडून पाहतात.

हा दिवस कोणता? ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा संयमाचा काळ असतो. तो बुधवारी सुरू होतो. त्याच्या आदल्या मंगळवारी जुन्या काळी लोक धर्मगुरूंपुढे आपल्या चुका कबूल करत आणि क्षमा मागत. संयमाच्या काळात अंडी, लोणी, दूध वर्ज्य असे. घरात उरलेले हे पदार्थ वाया जाऊ नयेत म्हणून त्याच दिवशी त्यांची धिरडी होत. श्रावण लागण्याआधीची आषाढातली अमावास्या आपल्याकडेही खाण्यापिण्यात जाते, हे आपण जाणतो. माणसाचे मन सगळीकडे सारखेच. संयम उद्यापासून म्हटला की आज हात सैल सुटतो.

पण त्या बाईची गोष्ट नीट पाहा. ती पैज जिंकायला धावली नाही. घंटा ऐकून धावली. तिच्या हातात अन्न होते, ते तिने फेकले नाही. आणि त्या अन्नापायी बोलावणेही चुकवले नाही. एका हाती प्रपंच, आणि पाय मात्र परमेश्वराच्या दिशेने. आपल्या गृहस्थाश्रमाचे याहून सोपे चित्र कुठे मिळेल?

याच ओल्नी गावात 1764 ते 1780 या काळात जॉन न्यूटन हे धर्मोपदेशक होते. तारुण्यात ते माणसांना गुलाम म्हणून विकण्यासाठी नेणाऱ्या जहाजांचे कप्तान होते. पुढे त्यांचे मन पालटले. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगप्रसिद्ध भजन त्यांनी ओल्नीतच लिहिले आणि उतारवयात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे साक्ष दिली. ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद करणारा कायदा 1807 साली केला. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन गेले. त्यांच्याही आयुष्यात घंटा वाजली होती. फरक एवढाच की ती ऐकू येणे, तिच्यामागे पूर्ण वळणे आणि जुने पाप जगासमोर मांडणे याला त्यांना अनेक वर्षे लागली. घंटा सगळ्यांसाठी वाजते. पाय केव्हा उचलायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

तव्याकडे लक्ष, आणि नारदांची वाटी

आपण सगळे शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत धावलो आहोत. दातांत चमचा, चमच्यात लिंबू. जो नुसता जोरात पळतो त्याचे लिंबू पडते. जो लिंबाकडेच पाहत राहतो तो मागे राहतो. वेग आणि सावधपणा दोन्ही सांभाळावे लागतात. तव्याच्या शर्यतीतही तेच. म्हणून ती एकाग्रतेची चांगली साधना आहे असे कुणी म्हटले तर त्यात तथ्य आहे.

पण एवढ्यावर थांबू नका. नारदमुनींची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. आपणच भगवंतांचे सर्वांत मोठे भक्त, असे त्यांना वाटू लागले. भगवंतांनी त्यांना एका शेतकऱ्याकडे पाठवले. तो सकाळी उठताना आणि रात्री झोपताना नाव घेई. मधला सारा दिवस शेतात राबे. नारदांना त्यात काही विशेष दिसले नाही. मग भगवंतांनी त्यांच्या हाती तेलाने काठोकाठ भरलेली वाटी दिली आणि थेंबही न सांडता नगराला फेरी घालायला सांगितले. नारद फेरी घालून आले. थेंब सांडला नव्हता. भगवंतांनी विचारले, “वाटेत माझी आठवण किती वेळा आली?” नारद म्हणाले, “एकदाही नाही. सारे लक्ष वाटीवर होते.”

सेवेच्या नावाने धावताना आपले असेच होते. तवा सांभाळला, धिरडे पडू दिले नाही, ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण झाले, छायाचित्रे छान आली. पण ज्याच्या भुकेसाठी हा सारा खटाटोप होता, त्याची आठवण वाटेत किती वेळा आली? धाव संपल्यावर पाणी पिण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. कुणाला उत्तर द्यायचे नाही, त्यामुळे खोटे बोलण्याचे कारणही नाही.

बारा डोनट आणि एक तास

आता दुसरे उदाहरण. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॅली शहरात 2004 साली काही महाविद्यालयीन मुलांनी आपापसात एक पैज लावली. विद्यापीठापासून डोनटच्या दुकानापर्यंत धावायचे, तिथे प्रत्येकी बारा डोनट खायचे आणि धावत परत यायचे. हे सारे एका तासात. पैजेतून पुढे ‘क्रिस्पी क्रीम चॅलेंज’ हा मोठा वार्षिक कार्यक्रम झाला. हजारो लोक त्यात धावू लागले आणि जमलेला निधी मुलांच्या रुग्णालयाला जाऊ लागला.

बारा डोनट म्हणजे सुमारे 2400 कॅलरी. एका प्रौढ माणसाला दिवसभर पुरेल एवढी ऊर्जा काही मिनिटांत पोटात ढकलायची आणि लगेच पळायचे. अनेकांना मळमळते, उलटी होते. आणि शेवटी त्या धावेने आजारी मुलांच्या उपचाराला मदत होते.

हे ऐकून आपण पटकन नाक मुरडतो. जरा थांबू या. रुग्णालयात जाणारा पैसा खरा आहे. त्या पैशाने ज्या मुलाच्या उपचाराला हातभार लागला, त्याच्या आईला विचारले तर ती धावणाऱ्यांना दुवाच देईल. दानाचे फळ नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण साधकाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कृतीचे फळ जसे बाहेर जाते, तसा तिचा संस्कार आत राहतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक आहार आयुष्य, बळ आणि प्रसन्नता वाढवतो; राजस आहार दुःख आणि रोग देतो. त्यात पदार्थांच्या चवींचे वर्णन आहे, पण कसोटी परिणामाची आहे. भूक नसताना, चव न घेता, घड्याळाकडे पाहत गिळलेले अन्न कोणता संस्कार मागे ठेवेल, हे कुणी समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे त्या कार्यक्रमातही डोनट न खाता नुसते धावण्याची मुभा ठेवलेली आहे. म्हणजे वाट दोन्हीकडे मोकळी आहे. दान द्यावे, धावावे आणि पोटावरचा अत्याचार टाळावा. निवड आपल्या हाती असते; बहुतेक वेळा आपण ती विचारतच नाही.

अन्न हसून घ्यावे, पण हसण्यावारी नेऊ नये

तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या वडिलांना, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. वडील उत्तर देत नाहीत. तप करून शोध, म्हणतात. तप केल्यावर भृगूला पहिले उत्तर सापडते ते असे की अन्न हेच ब्रह्म आहे. पुढे प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा पायऱ्या येतात, पण पहिली पायरी अन्नाचीच आहे. आनंदापर्यंत पोहोचल्यावरही ऋषी पुन्हा अन्नाकडे वळतात आणि व्रते सांगतात: अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न भरपूर पिकवावे आणि दारी आलेल्या कुणालाही परत पाठवू नये.

या चार व्रतांचा क्रम लक्षात घ्या. आदरापासून सुरुवात आहे आणि शेवट दुसऱ्याच्या पानावर आहे. नुसता आदर करून ताटाला नमस्कार केला आणि दारातला माणूस उपाशी गेला, तर व्रत अपुरे राहिले. आणि दुसऱ्याला खाऊ घालण्याच्या नादात अन्न पायदळी गेले, तरीही ते अपुरेच.

आपल्या घरांत हे वेगळे शिकवावे लागत नसे. जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायची, गोग्रास काढायचा, कावळ्यासाठी घास ठेवायचा. पानात टाकायचे नाही. भाताचे शीत पायाखाली आले तर उचलून डोळ्यांना लावायचे. यात भीती नव्हती, ओळख होती. हे शीत कुणाच्या तरी घामाने इथवर आले आहे, याची ती ओळख.

तेव्हा तव्यावरचे धिरडे उडवणे ही अवहेलना आहे का? आई पोळी तव्यावरून उडवून उलटते, तेव्हा ती अन्नाशी खेळत नसते, पण तिच्या हाताला त्यात आनंद असतोच. धिरडे उडवले, झेलले आणि शेवटी खाल्ले, तर तो खेळ अन्नाच्या मर्यादेत राहिला. धिरडे रस्त्यावर पडले, शेकडो पावले त्यावरून गेली आणि झाडूवाल्याने ते कचऱ्यात लोटले, तर मर्यादा मोडली. पिठाची मारामारी, टोमॅटोची फेकाफेक आणि मग भुकेल्यांसाठी निधी, असे कुणी योजले तर साधकाने स्पष्ट सांगावे, “देणगी देतो, पण यात उतरणार नाही.” असे सांगताना आवाज चढवण्याची गरज नसते.

हसत दिलेले दान खरे की खोटे?

काहींना वाटते, दान म्हटले की चेहरा गंभीर हवा. रंगीत टोपी घालून, ढोल वाजवत धावणे म्हणजे दानाची थट्टा. गीतेतली दानाची कसोटी पाहिली तर तिथे चेहऱ्याचा उल्लेख नाही. द्यायला हवे म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची इच्छा न ठेवता दिले, तर ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिले, तर राजस. अवेळी, अपात्री आणि घेणाऱ्याचा अपमान करून दिले, तर तामस.

म्हणजे हसणे हा दोष नाही. उलट जिवावर येऊन देणे हा दोष सांगितला आहे. मग सांभाळायचे काय? परतफेडीची इच्छा आणि घेणाऱ्याचा मान, या दोन जागा. पदक मिळाले नाही म्हणून मन खट्टू झाले, फेसबुकवर टाकलेल्या छायाचित्राला कुणी दाद दिली नाही म्हणून चुटपुट लागली, तर समजावे की दानाच्या पोटात व्यवहार लपला होता. आणि मुलाच्या हातात ताट देताना त्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावले, तर दानातला मान आपण परत काढून घेतला. त्या मुलाची भूक आज भागेल. पण ‘मी घेणारा आहे’ ही खूण त्याच्या मनावर राहील.

संत गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडत, मगच भाकरी घेत. फुकटचे घेणे त्यांना मान्य नव्हते आणि भुकेल्याला अन्न देणे हा तर त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. त्यांच्या कीर्तनात लोक पोट धरून हसत. त्या हसण्यातच माणसे जागी होत, धर्मशाळा उभ्या राहत, सदावर्ते चालत. 1956 साली ते गेले, पण आनंद आणि सेवा यांचे वैर नाही हे त्यांनी आयुष्यभर दाखवून दिले.

आपल्या भाषेतला ‘धावा’

मराठीत एक सुंदर शब्द आहे: धावा. संकटात देवाला कळवळून हाक मारणे म्हणजे धावा करणे. आणि हाकेला ओ देणारा देव काय करतो? धावून येतो. भक्ताची हाक आणि देवाचे धावणे आपल्या भाषेने एकाच शब्दाभोवती गुंफले आहे.

वनवासात द्रौपदीचे जेवण झाले होते, सूर्याने दिलेली थाळी त्या दिवसापुरती रिकामी झाली होती, आणि दुर्वास ऋषी शिष्यांसह जेवायला आले. तिने धावा केला. श्रीकृष्ण धावत आला आणि म्हणाला, “मलाच भूक लागली आहे.” थाळीच्या काठाला चिकटलेले भाजीचे पान त्याने तोंडात टाकले आणि सारे विश्व तृप्त झाले. उरले-सुरले एक पान, पण प्रेमाने दिलेले.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर घराघरांत सांगितली जाते. दुष्काळ पडला. कोठारे बादशहाची होती आणि बाहेर माणसे अन्नावाचून मरत होती. पंतांनी कोठारे उघडली. याची शिक्षा काय असेल ते त्यांना ठाऊक होते. परंपरा सांगते की प्रत्यक्ष विठोबा विठू महार होऊन बेदरला धावला आणि धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला. पंतांनी जीव पणाला लावला होता. आपण नावनोंदणीचे शुल्क भरतो आणि रविवारची एक सकाळ देतो. तुलना करून खाली मान घालण्यासाठी हे सांगत नाही. दानात आपले स्वतःचे काय लागले आहे, एवढे पाहण्यासाठी ही कथा जवळ ठेवावी.

आणि वारी आठवा. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी वेळापूरजवळ येते तेव्हा उतारावर वारकरी एकदम धावत सुटतात. त्यालाही ‘धावा’ असेच म्हणतात. याच टेकडीवरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. तिथे म्हातारेही धावतात, अनवाणीही धावतात, आणि कोण पहिला आला ते कुणी विचारत नाही. वाटेवरच्या गावांतले लोक लाखो वारकऱ्यांना पिठलं-भाकरी, पोहे, चहा देतात. देऊन झाल्यावर त्यांच्याच पाया पडतात. देणारा वाकतो. निधीसाठी होणाऱ्या कुठल्याही धावेने वारीकडून घ्यावे ते हेच.

भाग घ्यायचा असेल तर

आता नेमके काय करायचे ते पाहू.

• नाव देण्याआधी विचारा की शुल्कातले किती पैसे कार्याला जातात आणि किती टी-शर्ट, मंडप, संगीत यांवर खर्च होतात. असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. योग्य स्थळ आणि योग्य पात्र पाहून द्यावे, ही गीतेचीच सूचना आहे.

• अन्नाचे काय होणार ते विचारा. उरलेले कुठे जाणार? पडलेले कोण उचलणार? उत्तर नसेल तर ती जबाबदारी तुमच्या गटाने घ्यावी. चार साधकांनी न धावता केवळ अन्न वाया जाऊ न देण्याचे काम केले, तर त्यांची सेवा धावणाऱ्यांपेक्षा उणी नाही.

• खाण्याची स्पर्धा असेल तर ती टाळा, मुलांना तर त्यात उतरवूच नका. घाईत गिळलेला घास घशात अडकू शकतो. मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावूही नये. चालत गेलात तरी निधी तेवढाच जमतो.

• धाव सुरू होण्याआधी एक मिनिट डोळे मिटा. कुणाच्या ताटासाठी आपण निघालो आहोत त्याचे स्मरण करा. धावताना श्वासाबरोबर आपले नाम चालू ठेवा. दम लागला की थांबा. नाम थांबवू नका.

• जेवण वाढायची वेळ आली तर पंगतीत बसून त्यांच्यासोबत जेवा. अमृतसरच्या लंगरमध्ये राजा आणि मजूर एका ओळीत बसतात. वाढणारा आणि जेवणारा यांच्यातले अंतर तिथे जमिनीवरच पुसले जाते.

• तुमच्या केंद्राला असा उपक्रम स्वतः करायचा असेल तर प्रत्येकाने हातात धिरड्याऐवजी धान्याची वाटी घ्यावी. काठोकाठ भरलेली, न सांडता न्यायची. शेवटच्या ठिकाणी ती सगळी वाट्यांमधली धान्ये एका मोठ्या पातेल्यात पडावीत आणि त्यांची खिचडी व्हावी. लहान मुलाची अर्धी वाटीही त्यात यावी. कुणाची वाटी कोणती, हे मग कुणाला सांगता येणार नाही.

धाव संपल्यावर

पुन्हा त्या ओल्नीच्या मंगळवाराकडे पाहू. मूळ प्रथेत तो दिवस शेवटचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून चाळीस दिवसांचा संयम सुरू व्हायचा. धिरडी ही व्रताच्या उंबरठ्यावरची न्याहारी होती. आज जगभर अनेकांनी धिरडे ठेवले, शर्यत ठेवली आणि पुढचे चाळीस दिवस सोडून दिले. आपल्याही सणांचे असे झाले आहे, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको.

भूक ही रविवारी सकाळी लागते आणि सोमवारी थांबते असे नाही. ज्या घरात चूल रोज पेटत नाही, त्या घराला एका दिवसाच्या उत्सवाचे अप्रूप किती काळ पुरणार? म्हणून आपण असे करू या. धाव हा संकल्पाचा पहिला दिवस माना. शबरीमलेला जाणारे भक्त 41 दिवसांचे व्रत धरतात; आपणही धावेनंतर चाळीस दिवसांचे एक साधे व्रत धरू. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. मगच आपले मोजायचे. आणि त्या चाळीस दिवसांत आपल्या पानात काही टाकायचे नाही.

एका मुठीत साधारण पन्नास ग्रॅम तांदूळ येतात असे धरा. चाळीस दिवसांत ते दोन किलो होतात. दहा घरांचे वीस किलो. एखाद्या वसतिगृहाचे किंवा रस्त्याकडेला राहणाऱ्या कुटुंबांचे जेवण त्यातून सहज होते. आणि ज्या घरातून ती मूठ निघाली, त्या घरातल्या मुलांना रोज न सांगता एक धडा मिळतो: आपल्या ताटाआधी कुणाचे तरी ताट असते.

तेव्हा बोलावणे आले तर जा, हसा, धावा. तवा सांभाळा आणि तव्यापलीकडचा माणूसही डोळ्यांसमोर ठेवा. आणि ज्यांना धावणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. डब्यात पडणाऱ्या मुठीचा आवाज फार लहान असतो, पण ज्याला धावा ऐकू येतो त्याला तोही ऐकू येतो.

आजच्या जेवणाआधी क्षणभर थांबा आणि ती पहिली मूठ काढा. कुठल्याही शर्यतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

सर्वांच्या ताटात अन्न पडो, सर्वांच्या मुखी नाम राहो, हीच परमेश्वराच्या चरणी प्रार्थना.